जास्वंदीला पांढरा कापूस लागलाय, छाटू की मुळासकट काढून टाकू? (ठाणे, गॅलरीतली कुंडी)

कोलशेत_गॅलरी

नमस्कार मंडळी, मी ठाण्यात कोलशेतला राहते, सातवा मजला, गॅलरी पश्चिमेची, दुपारी दोननंतर कडक ऊन येतं. ग्रिलमध्ये पंधरा-सोळा कुंड्या आहेत. त्यातली एक लाल गावठी जास्वंद, सासूबाईंनी पेणहून फांदी आणून लावलेली, आठ वर्षं झाली तिला. सासूबाई आता ७९ वर्षांच्या आहेत, खाली उतरणं बंद झालंय, पण आंघोळ झाली की गॅलरीत येऊन गणपतीसाठी फूल काढणं हे त्यांचं रोजचं काम, ते त्या कोणाला करू देत नाहीत.

यंदा गणपती बसेपर्यंत रोज चार-पाच फुलं होती. विसर्जनानंतर शेंड्यांवर कापसासारखं पांढरं दिसायला लागलं, मी दोन दिवस बघू म्हणून सोडलं, आणि आता पाऊस थांबून दहा दिवस झालेत तर अर्धं झाड पांढरं. शेंड्याची पानं मुठीसारखी आवळली आहेत, खालच्या पानांवर काजळी धरल्यासारखं काळं आहे, फरशीवर चप्पल चिकटते, आणि कळ्या उमलायच्या आधीच पिवळ्या पडून गळतात.

एका नर्सरीत विचारलं तर त्यांनी पाण्याच्या बाटलीत ओतून औषध दिलं, पांढरं दुधासारखं, लेबल नाही, नाव विचारलं तर म्हणे एक झाकण टाका सगळं मरेल. एकदाच मारलं. इतका उग्र वास की माझं डोकं दुखलं, आणि वाऱ्याने ते शेजारच्या कढीपत्त्यावरपण गेलं असणार. तेव्हापासून कढीपत्ता तोडला नाहीये. आणि किडे तर चार दिवसांत परत तेवढेच!

शेजारच्या म्हणतात झाड काढून टाक नाहीतर बाकीच्यांना लागेल. सासूबाईंना हे सांगायची माझी हिंमत होत नाहीये. खरंच काढावं लागेल का?

अजून दोन गोष्टी, लिंबाच्या पानांवर कोणीतरी पांढऱ्या पेनाने रेघोट्या मारल्यासारखं दिसतंय, आणि गुलाबाच्या फांद्या वरून काळ्या पडत खाली येत आहेत. प्लीज जरा सविस्तर सांगा, फोटो टाकलेत.

नेरूळ_२१

मिलीबग आहे हा, आपल्याकडे पिठ्या ढेकूण म्हणतात. कमी असेल तर मेडिकलमधलं स्पिरिट कापसाच्या बोळ्यावर घेऊन पुसायचं, जागेवर विरघळतो. जास्त असेल तर आधी पाण्याची जोरात धार. माझ्याकडे दर ऑक्टोबरला येतो, पाऊस गेला की हा हजर.

वर्तकनगर_टेरेस

ताई, झाड अजिबात काढू नका. आठ वर्षांची गावठी जास्वंद आहे, खोड चांगलं अंगठ्याएवढं असेल, मिलीबगने ती सहसा मरत नाही, फक्त दिसायला फार वाईट दिसते आणि आपलाच धीर सुटतो.

फवारा हातात घ्यायच्या आधी एक काम करा, सकाळी कुंडीपाशी पाच मिनिटं नुसतं उभं राहून मुंग्या शोधा. असणारच. मिलीबग झाडाचा रस पितो, त्यातली जास्तीची साखर गोड थेंबांनी बाहेर टाकतो, तुमच्या फरशीला लागलाय तो चिकटा हाच. त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते, तीच काजळी. ती बुरशी पानाच्या आत शिरत नाही, ओल्या फडक्याने पुसली तर निघते, फक्त पानाला ऊन मिळू देत नाही म्हणून झाड मलूल होतं. आणि मुंग्यांना तो गोड थेंब पाहिजे असतो म्हणून त्या मिलीबगची राखण करतात, त्याला खायला येणाऱ्या किड्यांना हाकलतात, त्याची पिल्लं उचलून कोवळ्या शेंड्यावर नेऊन ठेवतात. म्हणजे तुम्ही मिलीबग पुसत बसलात आणि मुंग्यांची वाट तशीच ठेवली तर चार दिवसांत तेवढेच होणार, तुमच्या बाबतीत तेच झालंय.

मुंग्या कुठून चढतात ते बघा. गॅलरीत बऱ्याचदा कुंडीतून चढतच नाहीत, एखादं पान ग्रिलला नाहीतर भिंतीला टेकलेलं असतं त्यावरून येतात. ती टेकलेली फांदी आधी कापा. मग खोडाला जमिनीपासून चार बोटं वर सेलोटेप गुंडाळा आणि टेपवर व्हॅसलिनचा जाड पट्टा लावा, थेट सालीवर लावू नका. काही जण कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवतात, मुंग्यांसाठी ते चालतं पण डेंग्यूचे डास त्याच ताटलीत होतात, आमच्या सोसायटीत पालिकेची माणसं दर पावसाळ्यात ताटल्या तपासायला येतात, तेव्हा ते नकोच.

आता छाटणी. जास्वंदीला फूल नवीन फुटव्यावर येतं, त्यामुळे छाटायला घाबरायचं कारण नाही. पण एकदम बोडकी करू नका, ऑक्टोबरचं ऊन सालीला लागतं. तिसरा हिस्सा कापा, मुठीसारखे आवळलेले शेंडे सगळे जाऊ दे, त्यात औषध पोचतच नाही. आणि कापायची पद्धत सांगतो, ही मला फार उशिरा कळली. दुधाची रिकामी पिशवी त्या शेंड्यावर टोपीसारखी चढवायची, खालून मुठीत धरायची, मग सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, कापायचं. नुसतं कापलं की धक्क्याने बारीक पिल्लं खाली मातीत आणि शेजारच्या कुंड्यांत सांडतात, डोळ्याला दिसतपण नाहीत. पिशवीला गाठ मारून दोन दिवस उन्हात टाका मग कचऱ्यात. कंपोस्टच्या डब्यात नको. काप डोळ्याच्या, म्हणजे जिथून नवा फुटवा येतो त्या जागेच्या, थोडा वर, तिरका, आणि सिकेटर आधी-नंतर स्पिरिटने पुसून.

राहिलेल्या झाडाला पाण्याची धार, पानाच्या खालून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नीम तेल, एक लिटर कोमट पाण्याला ५ मिली तेल आणि भांड्याचा लिक्विड सोप १ ते २ मिली. आधी तेल आणि सोप थोड्या पाण्यात फेटून घ्या मग बाकीचं पाणी घाला, नाहीतर तेल वर तरंगतं आणि शेवटचा फवारा नुसत्या तेलाचा होतो. मिलीबगच्या अंगावर मेणासारखा थर असतो, सोप नसेल तर पाणी घरंगळून जातं. आणि ऊन उतरल्यावरच मारा. मी एकदा एप्रिलमध्ये सकाळी अकराला मोगऱ्यावर मारलं, संध्याकाळपर्यंत पानं भाजल्यासारखी तपकिरी, तो मोगरा सावरायला दोन महिने गेले.

एकदा मारून थांबू नका. मादी कापसाच्या पिशवीत शेकड्यांनी अंडी घालते, पिशवीतल्या अंड्यांना फवारा लागत नाही, आठवड्याभरात पिल्लं निघतात. म्हणून दर सात दिवसांनी, तीन वेळा.

युरिया किंवा तसलं काही घातलंय का हल्ली? नत्र जास्त झालं की कोवळी लुसलुशीत वाढ येते आणि रस पिणाऱ्या सगळ्या किडी तिथेच जमतात.

घणसोली_बाल्कनी

एवढं कोण करत बसणार, इमिडाक्लोप्रिड नावाचं कीटकनाशक आणा, कुंडीच्या मातीत थोडं टाका, मूळ शोषून घेतं आणि रस पिणारा प्रत्येक किडा मरतो. महिनाभर बघायला नको. ऑफिसला जाणाऱ्या माणसाला दर आठवड्याला पानं पुसायला वेळ नसतो.

कोलशेत_गॅलरी

काका, किती छान समजावलंत. मुंग्या आहेत!! काळ्या छोट्या, आणि तुम्ही म्हणालात तसंच, एक फांदी ग्रिलला घासत होती तिच्यावरून रांग. कापली ती फांदी. सासूबाईंना पिशवीची टोपी दाखवली तर त्यांनी बसल्या बसल्या आठ शेंड्यांना टोप्या घालून दिल्या. आणि हो, गणपतीच्या आधी फुलं जास्त यावीत म्हणून मी युरियाचे दाणे घातले होते, दोनदा.

पण आता एक वेगळीच काळजी. आज सकाळी पुसताना बघितलं तर काही मिलीबग खूप मोठे झालेत, जवळजवळ सेंटीमीटरभर, अंगावर पांढऱ्या लांब झिपऱ्या, आणि ते चक्क पळतात. पाच-सहा तरी मी स्पिरिटने मारले. ही काही दुसरी जात आहे का, त्या औषधाने तगडे झालेत का? जवळून फोटो टाकलाय.

खारघर_कृषी

ताई थांबा!! त्या झिपरीवाल्यांना मारू नका, फोटो बघून लगेच लिहितेय.

हे मिलीबग नाहीत, मिलीबग खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळ्या आहेत. नाव क्रिप्टोलीमस, लेडीबर्डच्याच कुळातला. त्याची अळी दिसायला हुबेहूब मिलीबगसारखी, अंगावर तसंच पांढरं मेण, त्यामुळे दहातले नऊ जण तिला आधी मारतात. मी दापोलीला कृषी विद्यापीठात शिकत होते तेव्हा पहिल्या वर्षी मीपण हीच चूक केली होती, सरांनी भिंगाखाली दाखवलं तेव्हा कळलं.

ओळखायचं कसं ते सांगते. मिलीबग लहान, तीन-चार मिलीमीटर, चपटा लंबगोल, कडेने बारीक झालर असते ती सगळीकडे सारखी, आणि तो जवळपास हलत नाही. अळी त्याच्या तिप्पट लांब, झिपऱ्या लांब आणि वेड्यावाकड्या, काडीने टोचलं की तुरुतुरु चालते. कापसाच्या पुंजक्यात डोकं खुपसून बसलेली दिसली तर ती अंडी खातेय असं समजा. मोठा झाला की तो चार मिलीमीटरचा छोटा भुंगेरा होतो, पाठ काळपट तपकिरी, डोकं आणि मागचं टोक नारिंगी. अळी आणि भुंगेरा दोघंही मिलीबगच खातात. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, १८९८ साली भारतात आणलेला, आता इथलाच झालाय.

म्हणजे तुमच्या सातव्या मजल्यावर तो आपणहून आलाय, त्या उग्र औषधानंतरसुद्धा. काकांचं मुंग्यांचं अगदी बरोबर आहे, तुम्ही ती फांदी कापली, राखण गेली, आता या अळ्यांना मोकळं रान आहे. माझं ऐकाल तर छाटणी झाली तेवढी पुरे, नीम तेल सध्या नको. काकांनी सांगितलेलं चुकीचं नाही हं, पण अळ्या दिसल्यात तेव्हा तीन आठवडे फक्त पाण्याची धार, तीही अळ्या नसलेल्या फांद्यांवर. उन्हात ठेवलेल्या पिशव्या उघडून बघा, त्यात झिपरीवाल्या असतील तर काडीने उचलून परत झाडावर सोडा.

असे मित्रकीटक वापरणं ही काही हौशी माणसांची कल्पना नाही. २००८ मध्ये कोइम्बतूरला पपईवरचा एक बाहेरून आलेला मिलीबग सापडला, दोन वर्षांत पपई, तुती, टॅपिओका, जास्वंद सगळ्यावर पसरला, लोकांनी फवारे मारमारून खर्च केला आणि तो आटोक्यात येईना. मग २०१० मध्ये पोर्तो रिकोहून त्याच्यावर जगणारी एक अगदी बारीक गांधीलमाशी आणली, बंगळुरूच्या संस्थेत वाढवून शेतात सोडली, आणि तिने तो आटोक्यात आणला. डोळ्याला धड दिसत नाही एवढी माशी. ती टिकायला फवारणी मात्र थांबवावी लागते.

आता त्या बिनलेबलच्या बाटलीबद्दल, यावर मला राग आवरत नाहीये. आपल्या देशात कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो, लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. पाण्याच्या बाटलीत ओतून दिलं की हे सगळंच गेलं, काय आहे, किती घ्यायचं, किती दिवस खायचं नाही, आणि कोणाला त्रास झाला तर डॉक्टरला सांगणार काय? मोनोक्रोटोफॉस हे जहाल कीटकनाशक भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासून बंदी आहे तरी लोक ते वापरत राहिले. २०१७ ला यवतमाळमध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले, ती मोकळ्या शेतात काम करणारी माणसं होती. आपण बंद गॅलरीत, आतल्या खोलीत म्हाताऱ्या बाई बसलेल्या, तिथे अनोळखी औषध मारतो. कृपा करून ती बाटली सिंकमध्ये किंवा संडासात ओतू नका, घट्ट बंद करून वर मोठ्या अक्षरात "विष" लिहा आणि घरगुती घातक कचरा म्हणून वेगळी द्या. पाण्याची बाटली आहे, घरात कोणीही तहानेने तोंडाला लावेल.

कढीपत्त्याची सगळी पानं उतरवून टाका. औषध काय होतं तेच माहीत नाही म्हणून मी असते तर दोनदा पूर्ण नवी पालवी येऊन जाईपर्यंत फोडणीत घातला नसता. दोडका आपण सोलून घेतो, भेंडी धुऊन घेतो, कढीपत्ता तसाच तेलात जातो.

@घणसोली_बाल्कनी, दादा, वेळेचं म्हणणं पटतं, पण इमिडाक्लोप्रिड झाडाच्या रसात जातं म्हणजे फुलाच्या मधातही जातं. जास्वंदीवर मधमाश्या येतात, शिंजीर पक्षी येतो. युरोपियन युनियनने २०१८ मध्ये ते उघड्यावरच्या पिकांना बंद केलं ते मधमाश्यांमुळेच. आणि इथे तर मिलीबग खाणाऱ्या या अळ्याच विषारी मिलीबग खाऊन मरतील, मग पुढच्या ऑक्टोबरला परत बाटली आणा. शिवाय आपल्याकडे जास्वंदीची फुलं केसांच्या तेलात उकळतात.

घणसोली_बाल्कनी

शिंजीर माझ्याकडे रोज येतो, लाल जास्वंदीवरच. हे डोक्यात आलं नव्हतं. मी जूनमध्ये टाकलं होतं मातीत. आता परत नाही टाकणार, पण मला ते शक्य नाही हो रोज पुसत बसणं, काहीतरी मधला मार्ग सांगा.

वर्तकनगर_टेरेस

मधला मार्ग म्हणजे रविवारी दहा मिनिटं. शेंडे आणि पानाच्या खालचा भाग बघायचा, एखादा पांढरा ठिपका दिसला तर त्याच वेळी बोटाने चिरडायचा. एका ठिपक्याला दहा सेकंद लागतात, तोच पाच आठवड्यांनी फांदीभर होतो. आणि टेपवरचं व्हॅसलिन महिन्याने बदला, धूळ बसली की मुंग्या त्यावरून आरामात जातात.

@खारघर_कृषी, बाई, या अळीबद्दल मला माहीत नव्हतं. वीस वर्षं बाग करतोय, किती मारल्या असतील मी. आज गच्चीत जाऊन सगळ्या कुंड्या भिंगाने बघितल्या, सीताफळावर दोन सापडल्या.

ऐरोली_गुलाब

जास्वंदीचं झालं, मी गुलाबाचं सांगते कारण माझ्याकडे बावीस गुलाब आहेत आणि ही वरून काळी पडत येणारी शेंडेमर मी पाच-सहा वर्षं भोगलीय. पावसात वाळलेलं फूल आणि अर्धवट तुटलेले दांडे झाडावर तसेच राहतात, तिथून बुरशी शिरते आणि रोज थोडी थोडी खाली उतरते. पाणी मारून, खत घालून काही होत नाही, कापावंच लागतं आणि ते वेळेवर.

फांदीचा काळा भाग कापला की कापलेल्या तोंडाकडे बघा. मधला गाभा तपकिरी दिसतोय का? मग अजून रोग आहे, आणखी एक डोळा खाली कापा. परत बघा. असं करत गाभा पांढराशुभ्र किंवा फिकट हिरवा दिसेपर्यंत खाली यायचं. जीव होत नाही कापायला मला माहितीये, माझा एक किरमिजी गुलाब असा कापता कापता वीतभर राहिला होता, नवरा म्हणाला झालं आता संपलं हे, पण तोच आज सगळ्यात भरलेला आहे. अर्धवट तपकिरी गाभा सोडला तर पंधरा दिवसांत परत काळं.

काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर पाव इंच, तिरका, उतार डोळ्याच्या उलट्या बाजूला, म्हणजे पाणी डोळ्यावर साचत नाही. फार वर कापलं की ते खुंटं वाळतं आणि तिथूनच परत शेंडेमर. कापलेल्या तोंडाला कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची थोड्या पाण्यात पेस्ट करून ब्रशने लावा. पूर्वी बोर्डो पेस्ट घरी करायचे, मोरचूद एक किलो, चुना एक किलो, दहा लिटर पाणी, पण दोन कुंड्यांसाठी ते कोण करणार. या मोरचूद-चुन्याची गोष्ट मला फार आवडते, फ्रान्समध्ये बोर्डो भागात वाटेकडेची द्राक्षं कोणी चोरू नयेत म्हणून शेतकरी वेलींवर ते निळं पाणी शिंपडायचे, तर मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की वाटेकडच्याच वेलींना रोग नाही, आणि १८८५ मध्ये त्याने ते औषध म्हणून जगाला सांगितलं.

मोठी छाटणी दसरा झाल्यावर, पाऊस पूर्ण गेल्याची खात्री झाल्यावर करा. आपल्याकडे ऑक्टोबरच्या मध्यात एखादी सर येतेच, ताज्या कापावर पाणी नको. छाटणीपासून साधारण ४०-४५ दिवसांत पहिली फुलं. कलमाच्या गाठीच्या खालून सात पानांचा काटेरी जोरदार फुटवा आला असेल तर तो रानगुलाबाचा, तो मुळापासून ओढून काढा, नाहीतर तोच सगळं खत खातो आणि वरचा गुलाब मरतो. पानं मोजून ठरवू नका मात्र, गाठीच्या खालून आलाय का तेच बघा, काही चांगल्या गुलाबांनाही सात पानं असतात.

लिंबाच्या रेघोट्या म्हणजे नागअळी. ती पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये राहते म्हणून वरून काही मारलं तरी तिला लागत नाही. फक्त कोवळ्या पानात शिरते, जुन्या पानावरच्या रेघा म्हणजे होऊन गेलेली गोष्ट आहे, ती पानं तोडू नका, अर्धं पानही झाडाला अन्न देतं. पुढची पालवी करंगळीच्या नखाएवढी असताना नीम तेल मारायचं, आठ दिवसांनी परत. फक्त त्या पानांवर पिवळ्या कडेचे खरबरीत खडबडीत डाग दिसले तर तो खैऱ्या, रेघांच्या जखमेतून तो शिरतो, ती फांदी मात्र कापायची आणि कॉपर फवारायचं.

कोलशेत_गॅलरी

ताई गुलाबाचा गाभा बघितला, तिसऱ्या कापाला पांढरा आला!

कढीपत्ता उतरवताना त्यावर चिमणीच्या विष्ठेसारखं काहीतरी चिकटलेलं होतं, बोट लावलं तर हललं, आणि डोक्यातून लाल शिंगं बाहेर काढली, घाण वास. ते काय?

खारघर_कृषी

ती फुलपाखराची अळी, लिंबू आणि कढीपत्ता दोन्हीवर येते. लहानपणी विष्ठेसारखी दिसते म्हणून पक्षी खात नाहीत, मोठी झाली की हिरवीगार होते. लाल शिंगं घाबरवायला. भूक फार असते, छोट्या झाडाची चार दिवसांत पानं संपवते हे खरं, पण तुम्ही सगळी पानं टाकणारच आहात आणि त्या पानांवर औषध पडलंय, तेव्हा तिला उचलून खाली सोसायटीत लिंबाचं किंवा बेलाचं झाड असेल तर तिथे ठेवा. आपल्या राज्याचं फुलपाखरू राणी पाकोळी, २०१५ ला जाहीर झालं, त्याच्या अळ्याही लिंबाच्या कुळावरच वाढतात. तुमच्यापासून घोडबंदर रोडवर ओवळेकर वाडी जवळ आहे, एका सकाळी जाऊन या, फुलपाखरांसाठी झाडं कशी लावतात ते बघायला मिळेल.

कढीपत्त्याचा शेंडा खुडा, आणि पुढे वापरताना सुटी पानं ओरबाडू नका, डोळ्याच्या वर फांदी कापून घ्या, म्हणजे एकाच्या जागी दोन फुटतात. फुलांचा तुरा आला की काढायचा.

कोलशेत_गॅलरी

दिवाळी झाली म्हणून सांगायला आले. नीम तेल मारलंच नाही. पहिले दहा दिवस फार वाईट गेले, काही कमी होतंय असं वाटेना, दोनदा बाटली हातात घेतली होती. मग एका सकाळी सासूबाईंनी हाक मारली, म्हणाल्या कापसाची नुसती फोलपटं राहिलीत, आत काही नाही. बोटाने चोळली तर खरंच कोरडी भुकटी, आधी चिकट गुलाबी रस यायचा तो नाही. आता जुन्या खोडाच्या बेचक्यात दोन-तीन पुंजके आहेत फक्त. कापलेल्या प्रत्येक फांदीला दोन-दोन फुटवे, फरशी चिकटत नाही. काल पहिलं फूल आलं. पाकळीवर तो छोटा काळा भुंगेरा नारिंगी डोक्याचा, सासूबाईंनी फुंकर मारून आधी त्याला पानावर बसवलं मग फूल काढलं.

कढीपत्त्याला पहिली पालवी आलीय, अजून वापरत नाहीये. गुलाबाला कळी दिसतेय. एक प्रश्न, मिलीबग संपले तर त्या अळ्या खाणार काय?

खारघर_कृषी

काही उडून जातील, काही उरतील. म्हणून ते बेचक्यातले दोन-तीन पुंजके राहू द्या, अगदी स्वच्छ करू नका.

नेरूळ_२१

ताई, एक विनंती. माझ्या तीन जास्वंदी आणि एक पेरू सगळा भरलाय, एवढ्या दिवसांत एकही झिपरीवाली अळी दिसली नाही. स्पिरिटने मीच मारल्या असणार. तुमच्याकडच्या चार-पाच अळ्या मिळतील का? रविवारी ट्रान्स हार्बर लोकलने ठाण्याला येणारच आहे.

कोलशेत_गॅलरी

नक्की या. आज मोजल्या, नऊ आहेत, चार देते. डब्यात नुसत्या ठेवू की पानासकट?

खारघर_कृषी

पुंजका असलेल्या फांदीच्या तुकड्यासकट द्या, वाटेत खायला लागतं त्यांना, उपाशी राहिल्या तर एकमेकींना खातात. डब्याच्या झाकणाला टाचणीने भोकं, आत पेपरचा तुकडा घाम टिपायला. नेरूळला पोचल्यावर संध्याकाळी सोडा, उन्हात नको. आणि दादा, त्याआधी तुमच्याकडच्या मुंग्यांची वाट कापून ठेवा, टेप आजच लावा.

नेरूळ_२१

लावली. पेरूची एक फांदी पाण्याच्या पाइपला टेकलेली होती, तिथूनच येत होत्या.